आता काय मोजायचं राहिलंय?

"बाई, आमच्या गावात पाणी मोजून झालं, बंधारे मोजून झाले, दारू सोडलेली माणसंबी मोजून झाली. आता काय मोजायचं राहिलंय?"

राळेगणसिद्धीत यादवबाबांच्या देवळाजवळ बसलेल्या एका आबांनी हे विचारलं, तेव्हा माझ्या हातात तीस प्रश्नांची प्रश्नावली होती. पहिला प्रश्न होता, 'आपल्या गावाच्या विकासात शिक्षणाचे योगदान किती? अत्यल्प, मध्यम, जास्त.' आबांनी कागद लांब धरून वाचला आणि तसाच परत दिला. "जास्त लिहा," म्हणाले. "समदे तेच लिहितात."

मी पारनेर तालुक्यातली प्राथमिक शिक्षिका. सोळा वर्षं नोकरी झाली, एम.एड. नोकरी सांभाळून केलं. शिक्षणशास्त्रात पीएच.डी. करायची ठरवल्यावर विषय शोधायला लांब जायची गरजच वाटली नाही. पुणे-नगर रस्त्यावर वाडेगव्हाण फाट्याला वळलं की राळेगण. १९७५ साली अण्णा हजारे सैन्यातून परतले. पुढे श्रमदान, पाणलोटाची कामं, दारूबंदी यांमुळे गावाचं नाव जगभर गेलं. त्यामागून पाहुणे आले, अधिकारी आले आणि आमच्यासारखे प्रश्नावलीवालेही आले.

मला ओढ होती ती इथल्या शाळेची. संत यादवबाबा शिक्षण प्रसारक मंडळाची ही शाळा. दुसरीकडे नापास झालेल्या, 'वाया गेला' असा शिक्का बसलेल्या मुलांना इथं आवर्जून प्रवेश मिळतो, म्हणून ती प्रसिद्ध झाली. बाकीच्या शाळा दाखला हातात देऊन ज्यांना वाटेला लावतात, त्यांना ही शाळा वसतिगृहात ठेवून घेते.

पण ओढ असणं निराळं आणि अर्ज लिहिणं निराळं. माझ्या पहिल्या आराखड्याचं शीर्षक होतं, 'राळेगणसिद्धीच्या शैक्षणिक विकासाचा चिकित्सक अभ्यास'. मुलाखतीत एका तज्ज्ञांनी शांतपणे विचारलं, "यातलं आम्हाला माहीत नसलेलं तुम्ही नेमकं काय सांगणार?" मी गावाची थोरवी सांगू लागले. त्यांनी घड्याळ पाहिलं. निवड झाली नाही, आणि ते बरोबरच होतं.

आमच्या स्टाफरूममध्ये पीएच.डी. म्हणजे बी.एड., एम.एड.च्या पुढची इयत्ता, असा समज आहे. तसं असतं तर चांगलं शिकवणाऱ्या प्रत्येकाला ती मिळाली असती. तिथं शिकवण्याची परीक्षा नसते. आजवर कुणी न विचारलेला एक प्रश्न आणि त्याच्या उत्तराकडे जायची वाट, एवढंच तिथं मागतात. बाकीचं सगळं कागदपत्र.

ते कागदपत्रही समजून घ्यायला हवं, कारण निम्मी माणसं तिथंच दमतात. विद्यापीठ अनुदान आयोगाचे सध्याचे नियम नोव्हेंबर २०२२चे आहेत. पदव्युत्तर पदवीला किमान ५५ टक्के लागतात. अनुसूचित जाती-जमाती, नॉन-क्रिमीलेअर ओबीसी, दिव्यांग आणि आर्थिक दुर्बल घटकांना पाच टक्क्यांची सूट. मग प्रवेश परीक्षा, म्हणजे आपल्याकडची 'पेट'. तिच्यात निम्मे प्रश्न संशोधन पद्धतीवर आणि निम्मे विषयावर. तिच्यात किमान ५० टक्के मिळाले, आणि सवलतीच्या गटांना ४५, तर मुलाखत. अंतिम यादीत परीक्षेला ७० टक्के वजन आणि मुलाखतीला ३०. २०२४पासून नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेचे गुणही पीएच.डी. प्रवेशासाठी धरतात, पण ते वर्षभरच चालतात. कोणतं विद्यापीठ काय धरतं, हे त्या-त्या वर्षीच्या जाहिरातीत पाहायचं. मैत्रिणीच्या मागच्या वर्षीच्या माहितीवर विसंबायचं नाही.

"गाईड मिळाला का?" हा स्टाफरूममधला दुसरा प्रश्न. एका वेळी प्राध्यापकांकडे आठ, सहयोगी प्राध्यापकांकडे सहा आणि सहायक प्राध्यापकांकडे चारच विद्यार्थी असू शकतात. त्यामुळे तुमचे गुण कितीही असोत, तुमच्या विषयातल्या मार्गदर्शकाकडे जागा नसेल तर सगळं अडतं. मी दुसऱ्या खेपेला आधी 'शोधगंगे'वर बसले. देशभरातल्या विद्यापीठांचे प्रबंध तिथं फुकट वाचता येतात, शिक्षणशास्त्रातले मराठी प्रबंधही भरपूर. कोणत्या मार्गदर्शकांनी कशावर काम करून घेतलंय, ते तिथं कळलं. आणि माझ्या जुन्या शीर्षकाची चुलत भावंडं किती आहेत, तेही कळलं.

नोकरी करणाऱ्यांना अर्धवेळ पीएच.डी. करता येते, पण कार्यालयाचं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं. अर्धवेळ अभ्यासाला परवानगी आहे, कामातून संशोधनाला पुरेसा वेळ मिळेल आणि गरज पडली तर कोर्सवर्कसाठी मोकळं करू, असं त्यात स्पष्ट लिहून घ्यावं लागतं. नुसतं 'हरकत नाही' एवढं चालत नाही. माझं पहिलं पत्र यातलं एक वाक्य राहिलं म्हणून परत आलं. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्याच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या पूर्णवेळ संशोधन करणाऱ्यांसाठी. पगार चालू असेल तर तो रस्ता बंद. मुदत किमान तीन वर्षं, कमाल सहा, आणि पुनर्नोंदणी करून आणखी दोन. स्त्रियांना त्यावर आणखी दोन वर्षं, शिवाय प्रसूती आणि बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा. हे सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "म्हणजे दहा वर्षं कांदा भरताना तू नसणार!"

प्रश्न मात्र सापडला तो फाट्यावर. राळेगणहून परतताना जीपमध्ये पुढच्या सीटवर बसले होते. ड्रायव्हरने माझी फाइल पाहून विचारलं, "मॅडम, शाळेवर लिहिताय का? मीबी तिथलाच. नापास होऊन आलेला."

मी लगेच विचारलं, "दहावीला किती पडले?"

तो हसला. "बघा, तुम्हीबी तेच विचारलं. पास झालो का, एवढंच समद्यांना पायजे. पुढं काय केलं, ते कुणी विचारलं न्हाई."

त्या रात्री दोन्ही आराखडे पुढ्यात घेऊन बसले. दुसऱ्या आराखड्याचं शीर्षक होतं, 'नापास विद्यार्थ्यांच्या संपादणुकीवर वसतिगृहाचा परिणाम'. म्हणजे पुन्हा मार्कच. ते खोडलं. तिसरं असं लिहिलं: 'नापास म्हणून शाळा बदललेल्या विद्यार्थ्यांची प्रौढपणीची जीवनकथने : एका ग्रामीण शाळेचा व्यक्ती-अभ्यास'. विकास गेला, चिकित्सक गेलं, तीस प्रश्नांची प्रश्नावली गेली. राहिली वीस माणसं आणि त्यांच्या सावकाश घ्यायच्या मुलाखती. तो शिक्का त्यांनी पुढे कुठंकुठं वागवला, कुठं उतरवला, एवढंच शोधायचं.

'संशोधनाची गरज' या मथळ्याखाली पूर्वी मी दोन पानं गुळगुळीत लिहिली होती. आता चार ओळी पुरल्या. २०२३ साली राज्याने पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा पुन्हा आणली. फेरपरीक्षेतही मूल उत्तीर्ण झालं नाही, तर ते त्याच वर्गात राहतं. मी पाचवीला शिकवते. निकालपत्रकावर नापासाचा शेरा मला माझ्या हाताने लिहावा लागणार आहे. त्या मुलाचं पुढे काय होतं, हे मला माहीत नाही. आराखड्यात 'मला' लिहीत नाहीत, म्हणून 'संशोधिकेस' असं केलं.

मग पुन्हा आबांकडे गेले. या वेळी हातात कागद नव्हता. नवा विषय सांगितला. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "ह्ये बरंय. पण लिहून झालं की आणून दावाल का? आजवर लय जण लिहून घेऊन गेले. परत कुणी आलं न्हाई."

घरी येऊन आराखड्याचा नमुना वर-खाली चाळला. शीर्षक, उद्दिष्टे, व्याप्ती, मर्यादा, नमुना निवड, संदर्भ. आबांचं म्हणणं बसेल असा रकाना कुठंच नव्हता. शेवटी वेळापत्रकाच्या तक्त्यात, 'प्रबंध सादर करणे' याच्या खाली एक ओळ वाढवली: 'निष्कर्ष गावात मराठीतून वाचून दाखवणे : एक दिवस'.

अर्ज भरलाय. मुलाखतीची तारीख अजून यायचीय. समितीने ती ओळ काढायला सांगितली, तर काय उत्तर द्यायचं याची तयारी मात्र संशोधन पद्धतीच्या आधी करून ठेवली आहे.