रेघ ओढण्याआधी
सरोजिनी नगरच्या जमिनीवरून इतिहासाच्या डिजिटल नकाशांची ओळख

बाजीरावांची १७३७ सालची दिल्लीवरची स्वारी मराठी वाचकाला चांगली ठाऊक असते. आग्र्याच्या रस्त्यावर मोगल सरदारांच्या फौजा अडून बसल्या होत्या. त्यांना बाजूला टाकून, मेवातच्या डोंगराळ मुलखातून लांबलांब मजला मारत मराठी घोडदळ एकाएकी दिल्लीच्या दाराशी आले. धाकटे बंधू चिमाजी अप्पा यांना लिहिलेल्या पत्रात बाजीरावांनी बारापुला, काळिकेचे देऊळ, कुशबंदी अशी ठिकाणांची नावे घेतली आहेत. एवढी नावे हाताशी असूनही संकेतस्थळांवरच्या लेखांत बहुतेकदा दिसतो तो पुण्यापासून दिल्लीपर्यंत ओढलेला एक जाड लाल बाण. त्या बाणाला नदी आडवी येत नाही, डोंगर लागत नाही, मुक्काम करावा लागत नाही. वाचकाला त्यातून काहीच नवे कळत नाही.

लेखासाठी मुद्दाम तयार केलेला ऐतिहासिक नकाशा ही उणीव भरून काढतो. हे काम आता एका माणसाला साध्या संगणकावर, फुकट मिळणाऱ्या साधनांनी करता येते. पण साधने स्वस्त झाली म्हणून काम सोपे झालेले नाही. नकाशावरची प्रत्येक रेघ हे एक विधान असते आणि लेखातल्या वाक्याइतकाच तिलाही पुरावा लागतो. ही कला कशी चालते, हे समजून घ्यायला दक्षिण दिल्लीतले सरोजिनी नगर फार चांगली जागा आहे, कारण तिथल्या जमिनीवरचे चित्र शंभर वर्षांत पुनःपुन्हा पुसले गेले आहे.

एका जागेचे अनेक थर

आज सरोजिनी नगर म्हटले की स्वस्त कपड्यांचा गजबजलेला बाजार डोळ्यांपुढे येतो. पण हा बाजार मुळात एका सरकारी वसाहतीच्या पोटात वाढला. स्वातंत्र्यानंतर केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी या भागात क्वार्टर्स उभी राहिली आणि वसाहतीचे नाव होते विनय नगर. १९४७ ते १९५२ या काळात केंद्रातले बांधकाम खाते पुण्याचे काकासाहेब गाडगीळ सांभाळत होते. फाळणीनंतरच्या दिल्लीत घरांची टंचाई किती भीषण होती, हे त्यांच्या खात्याला रोज भोगावे लागत होते. पुढे विनय नगरला सरोजिनी नायडूंचे नाव मिळाले. शेजारच्या वसाहतींची नावे नवरोजी नगर, नेताजी नगर आणि झाशीच्या राणीच्या नावाने लक्ष्मीबाई नगर अशी आहेत.

वसाहतीच्या आधी इथे शेते आणि गावे होती. त्यांतल्या पिलंजी गावाचे नाव आजही पत्त्यांत टिकून आहे. १९७५ मध्ये दिल्लीची रिंग रेल्वे सुरू झाली आणि तिच्यावर सरोजिनी नगर हे स्थानक आले. २००५ साली २९ ऑक्टोबरला दिवाळीच्या तोंडावर बाजारात बॉम्बस्फोट झाला. ऑगस्ट २०१८ मध्ये मेट्रोच्या पिंक लाइनचे स्थानक उघडले. त्याच सुमारास जुनी क्वार्टर्स पाडायला सुरुवात झाली. २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने दक्षिण दिल्लीतल्या सात वसाहतींच्या पुनर्विकासाला मंजुरी दिली होती. १२,९७० घरांच्या जागी २५,६६७ घरे बांधायची, असा तो बेत होता. त्यासाठी हजारो झाडे तोडली जाणार म्हणून २०१८ च्या उन्हाळ्यात नागरिक रस्त्यावर उतरले आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेले.

शेत, गाव, क्वार्टर, मनोरे. चारही गोष्टी एकाच जमिनीवरच्या, पण आज तिथे उभे राहून चारही दिसत नाहीत. त्या एकत्र पाहायची सोय फक्त नकाशात होऊ शकते. इतिहासाच्या नकाशाचे खरे काम हेच आहे.

जुना कागद जमिनीवर बसवणे

पहिली पायरी म्हणजे साधने गोळा करणे. १७६७ पासून चालत आलेल्या सर्व्हे ऑफ इंडियाचे जुने पत्रक, १९१६ ते १९२२ दरम्यान चार खंडांत निघालेली जफर हसन यांची दिल्लीच्या स्मारकांची यादी, वसाहतींचे आराखडे, आणि आकाशातून घेतलेली छायाचित्रे. यांतले सर्वांत मोलाचे साधन अनेकांना माहीत नसते. अमेरिकेच्या ‘कोरोना’ या हेरगिरी उपग्रहांनी १९६० ते १९७२ या काळात जगभराची छायाचित्रे फिल्मवर टिपली आणि १९९५ मध्ये ती खुली झाली. त्यांतल्या चांगल्या छायाचित्रांत दोन मीटरच्या आसपासचा तपशील दिसतो. म्हणजे ज्या क्वार्टर्सच्या जागी आता नवे मनोरे आले आहेत, त्यांच्या रांगा अशा छायाचित्रांवरून मोजता येतात.

दुसरी पायरी जिओरेफरन्सिंगची: स्कॅन केलेल्या जुन्या नकाशाला आजच्या अक्षांश-रेखांशांवर बसवणे. क्यूजीआयएस या मुक्त प्रणालीत हे काम होते. जुन्या नकाशावर आणि आजच्या जमिनीवर, दोन्हीकडे निर्विवाद ओळखू येतील असे बिंदू जोडायचे. गणिताला किमान तीन बिंदू पुरतात, पण तीनच घेतले तर चूक कुठे झाली हे कळायला मार्ग उरत नाही. म्हणून बिंदू जास्त घ्यायचे आणि नकाशाभर पसरवायचे. दिल्लीत यासाठी मकबरे आणि जुने पूल कामी येतात. रस्ते रुंद होतात, नाले वळवले जातात, बाजार सरकतात. सरोजिनी नगरच्या बाजारापासून ईशान्येला सुमारे दोन किलोमीटरवर असलेला सफदरजंगचा मकबरा मात्र १७५४ पासून जागचा हललेला नाही.

मग प्रणाली प्रत्येक बिंदूपाशी उरलेली चूक आकड्यात सांगते. इथे एक मोह होतो. कागदाला रबरासारखे ताणून सगळे बिंदू तंतोतंत जुळवून देणारी पद्धतही उपलब्ध आहे. तिने उरलेल्या चुकीचा आकडा शून्यावर येतो आणि काम छान झाल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात त्या ताणात जुन्या सर्वेक्षकाची चूक आणि आपली चूक दोन्ही लपून जातात. जाणता नकाशाकार आधी साधी पद्धत वापरतो, कुठला बिंदू फटकून वागतो ते पाहतो आणि त्याचे कारण शोधतो. पुष्कळदा तिथेच इतिहासाचा धागा हाती लागतो: वळवलेला ओढा, हलवलेले देऊळ, नाव बदललेले गाव.

प्रमाणाचे भानही हवे. १:५०,००० च्या पत्रकावर एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे पन्नास मीटर. छापील रेघच अर्ध्या मिलिमीटरची असेल तर पंचवीस मीटर त्या शाईतच गेले. अशा कागदावरून एखाद्या विहिरीची जागा मीटरभराच्या अचूकतेने सांगणे शक्य नाही. त्यात भर म्हणजे भारताची जुनी पत्रके पृथ्वीचा आकार मांडणाऱ्या ‘एव्हरेस्ट’ लंबगोलावर मोजलेली आहेत आणि आजचे जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ या वेगळ्या लंबगोलावर चालते. हे रूपांतर विसरले तर सगळा नकाशा एका बाजूला सरकतो.

ऑनलाइन नकाशांची आणखी एक गोम दिल्लीच्या अक्षांशावर ठळक जाणवते. बहुतेक संकेतस्थळे वेब मर्केटर प्रक्षेप वापरतात. विषुववृत्तापासून दूर जावे तसे त्यात अंतर फुगते. सरोजिनी नगरच्या २८.६ अंश अक्षांशावर ते सुमारे १४ टक्क्यांनी आणि क्षेत्रफळ सुमारे ३० टक्क्यांनी फुगते. म्हणून कोसांचा हिशेब पडद्यावरच्या लांबीवरून कधीच करू नये. त्यासाठी यूटीएम या मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रक्षेपाचा ४३ वा उत्तर पट्टा वापरावा किंवा पृथ्वीच्या गोलाईवरून अंतर काढावे.

रेघेमागचा तक्ता

नकाशा बसला की त्यावरून बिंदू, रेघा आणि आकार गिरवायचे. पाहणाऱ्याला रंगीत आकार दिसतात, पण नकाशाचा जीव त्या आकारांमागच्या तक्त्यात असतो. प्रत्येक वस्तूला नाव, जुने नाव, कधीपासून, कधीपर्यंत, आधार कोणता आणि खात्री किती, असे रकाने हवेत. पिलंजी, विनय नगर, सरोजिनी नगर ही नावे काळाच्या रकान्यांसह भरली की वाचकाला वर्षांची पट्टी सरकवून जागा बदलताना पाहता येते. ओपनस्ट्रीटमॅप हा २००४ मध्ये सुरू झालेला लोकांनी मिळून बनवलेला नकाशा प्रामुख्याने आज जमिनीवर असलेल्या गोष्टींचा आहे. नाहीशा झालेल्या गोष्टींसाठी ओपनहिस्टॉरिकलमॅप हा वेगळा प्रकल्प आहे आणि त्यात वस्तूला आरंभ आणि अंताची तारीख देता येते.

खात्रीचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. आज उभी असलेली वास्तू एका दर्जाची. पाडलेली, पण मोजणीच्या नकाशात किंवा छायाचित्रात नोंदलेली वास्तू दुसऱ्या दर्जाची. केवळ पत्रातून किंवा बखरीतून कळणारी जागा तिसऱ्या. तिन्हींना एकच लाल ठिपका देणे म्हणजे वाचकाची फसवणूक. पहिलीला सलग रेघ, दुसरीला तुटक रेघ, तिसरीला कडा विरलेला डाग, एवढा साधा नियम पाळला तरी नकाशा प्रामाणिक होतो.

आता बाजीरावांकडे परत येऊ. १७३७ च्या नकाशाचा पाया आजचा रस्त्यांचा नकाशा घेतला तर पहिलीच चूक होते: त्यावर सफदरजंगचा मकबरा दिसतो आणि तो तर स्वारीनंतर सतरा वर्षांनी झाला. जंतरमंतर ठेवता येते. सवाई जयसिंगाची ती वेधशाळा १७२४ ची. जहांगीरच्या काळातला बारापुला ठेवता येतो आणि त्याची जागाही पक्की आहे. पत्रातल्या काळिकेच्या, म्हणजे काळकाजीच्या, देवळाची जागा पक्की, पण तिथली आजची इमारत बाजीरावांनी पाहिलेली समजता येत नाही. म्हणून बिंदू पक्का, इमारतीचा आकार मात्र वगळायचा. कुशबंदी तिसऱ्या दर्जात जाते. शहरानजीक, बारापुला आणि काळकाजीच्या पुढे, एवढ्यावरून विरलेला डागच काढता येतो.

मोगल फौज शहराबाहेर पडली आणि रकाबगंज-तालकटोऱ्याच्या बाजूला चकमक झाली. काळकाजीपासून तालकटोऱ्यापर्यंत सरळ रेषेत अंतर सुमारे दहा किलोमीटर भरते. सरोजिनी नगर त्या रेषेच्या नैर्ऋत्येला साधारण तीन किलोमीटर राहते. दिल्लीतल्या मराठी वाचकाला ‘तुमच्या बाजारातून पेशव्यांचे घोडे गेले’ असे सांगायला कोणालाही आवडेल. पण फौजेने नेमकी कुठली वाट धरली, हे रेघेने दाखवण्याइतका आधार पत्रात नाही. तिथे रेघ नकोच, रुंद फिकट पट्टा हवा. कोसाचा हिशेब हेच सांगतो. कोस सुमारे तीन किलोमीटरचा धरला, पण तो मुलखामुलखांत वेगळा. अर्ध्या कोसाची चूकभूल गृहीत धरून वर्तुळ काढले तर अख्खे सरोजिनी नगर त्यात मावते.

तारखांचेही तसेच. मराठी पत्रात तिथी, फारसी साधनांत हिजरी सन, जुन्या इंग्रजी ग्रंथांत ज्युलियन तारीख. म्हणून हीच स्वारी एका पुस्तकात मार्चअखेर आणि दुसऱ्यात एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात दिसते, कारण ज्युलियन आणि आजच्या ग्रेगोरियन तारखेत अकरा दिवसांचा फरक पडतो. तक्त्यात कुठली कालगणना वापरली हे लिहिले नाही, तर दोन मुक्कामांचा क्रमच उलटा होऊ शकतो.

वाचकाच्या हातात

शेवटची पायरी नकाशा लेखात बसवण्याची. लीफलेटसारख्या हलक्या संगणकीय संचाने तो फोनवरही नीट उघडतो. बोटाने मोठा करता येणाऱ्या नकाशातून एक धोका उभा राहतो: कोसाच्या अचूकतेची माहिती वाचक गल्लीच्या पातळीपर्यंत मोठी करून पाहतो आणि ती गल्लीइतकीच नेमकी समजतो. म्हणून कुठल्या पातळीपलीकडे नकाशा मोठा होऊ द्यायचा नाही, हे नकाशाकाराने ठरवावे.

मराठी नावांची अडचण वेगळी. नव्या वेगवान नकाशा-प्रणालींपैकी काहींमध्ये देवनागरीची जोडाक्षरे फुटतात, वेलांटी भलतीकडे जाते. अशा वेळी नावे ब्राउझरकडूनच लिहून घ्यावीत. भारताच्या सीमारेषा सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशाप्रमाणेच दाखवणे कायद्याने आवश्यक आहे, त्यामुळे परदेशी पाया-नकाशा तपासल्याशिवाय वापरू नये. १५ फेब्रुवारी २०२१ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनंतर भारतीयांना नकाशे करणे आणि प्रकाशित करणे बरेच सुकर झाले आहे. ओपनस्ट्रीटमॅप वापरला तर त्याचे श्रेय नकाशावर लिहिणे बंधनकारक आहे.

हे सारे वाचून कोणी म्हणेल, एका लेखासाठी एवढा खटाटोप कशाला? कारण मराठी इतिहासलेखनाला पत्र आणि दस्तऐवज तपासण्याची थोर परंपरा आहे. इतिहासाचार्य राजवाड्यांनी १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे केले ते याच निष्ठेने. अस्सल कागदाशिवाय विधान नको, हा त्या परंपरेचा आग्रह. पडद्यावर आलेल्या नकाशाला मात्र आपण त्या आग्रहातून सूट दिली आहे. ती सूट काढून घ्यायला हवी. संपादकांनी नकाशाकाराचे नाव लेखकाच्या नावाशेजारी छापावे, नकाशाखाली साधने आणि खात्रीचे दर्जे द्यावेत, आणि मागचा तक्ता कोणालाही उतरवून घेता येईल असा खुला ठेवावा. मग उद्या कोणाला कुशबंदीचा एखादा नवा कागद सापडला, तर त्याला सगळा नकाशा नव्याने करावा लागणार नाही. तो एक ओळ दुरुस्त करील, आणि तो डाग सरकून बिंदू होईल.