व्यापारी परराज्यात पळाला म्हणजे सगळे संपले?

पिंपळगाव बसवंतहून मुंबई-आग्रा महामार्गाने धुळ्याच्या पुढे गेले की मध्य प्रदेश, वणीमार्गे सापुताऱ्याकडे वळले की गुजरात. द्राक्षाचा सौदा बहुतेक वेळा बागेतच ठरतो. फसवणारा व्यापारी पहिल्या काही गाड्यांचे पैसे रोख मोजतो, विश्वास बसला की उरलेला माल उधारीवर उचलतो आणि एके दिवशी त्याचा मोबाइल बंद लागतो. मग गावात एकच बोलणे : "तो परराज्यातला, आपले पोलीस तिथे काय करणार?"

हा समज चुकीचा आहे आणि शेतकऱ्याला फार महागात पडतो. तपासासाठी पोलिसांना राज्याची सीमा ओलांडता येते. तिथल्या पोलिसांच्या मदतीने अटक करून, तिथल्या न्यायालयाकडून ट्रान्झिट रिमांड घेऊन आरोपीला इकडे आणले जाते. 2020 मध्ये नाशिक परिक्षेत्राचे विशेष पोलीस महानिरीक्षक प्रताप दिघावकर यांनी द्राक्ष उत्पादकांच्या फसवणुकीविरुद्ध मोहीम उघडली, तेव्हा अनेकांचे बुडीत धरलेले पैसे परत मिळाले.

याच्या उलट टोकाचा समजही ऐकू येतो : आता सगळे संगणकावर आहे, नाव टाकले की टोळी सापडते. देशभरातील पोलीस ठाणी जोडणारी सीसीटीएनएस यंत्रणा आहे, हे खरे. 2022 पासून बोटांचे ठसे देशपातळीवर जुळवणारी नाफिस प्रणालीही आहे, त्यामुळे नाव बदलून लपणे अवघड झाले. पण कोणी नोंदवलेच नाही, ते या यंत्रणेत येणार कुठून?

खरी मेख इथेच आहे. एका फसवणुकीवरून टोळीवर संघटित गुन्हेगारीचे कलम लागत नाही. 1999 चा मोक्का असो की भारतीय न्याय संहितेचे कलम 111, टोळीविरुद्ध मागच्या दहा वर्षांत एकाहून अधिक दोषारोपपत्रे दाखल झालेली असावी लागतात आणि न्यायालयाने त्यांची दखल घेतलेली असावी लागते. टोळी निफाडमध्ये एकाला, जळगावात दुसऱ्याला बुडवते. दोघांनीही निम्म्या रकमेवर तडजोड करून तोंड मिटले, तर कागदोपत्री ती टोळीच नसते. दोन जिल्ह्यांच्या पोलिसांनी एकमेकांना द्यावी अशी माहितीच उरत नाही. घरातली अडचण मला कळते, तरीही ही गुपचूप तडजोड पुढच्या शेतकऱ्याच्या मुळावर येते, असे माझे स्पष्ट मत आहे.

"आमच्या हद्दीत घडले नाही" हे उत्तरही आता चालत नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार दखलपात्र गुन्ह्याची माहिती कोणत्याही ठाण्यात देता येते.

मात्र प्रत्येक थकबाकी म्हणजे फसवणूक नव्हे. बुडवण्याचा हेतू पहिल्यापासून होता, हे दाखवावे लागते. म्हणून गाडीचा नंबर, काटापावती, बँक खात्याचा तपशील आणि व्यापाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत सौदा ठरतानाच जवळ ठेवा, आणि मोबाइल बंद लागला की वाट न पाहता तक्रार नोंदवा.