पाऊल : घडण, नेहमीचे विकार आणि न दुखणारी जखम

पायाची तक्रार घेऊन रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात येणाऱ्यांचे दोन प्रकार आम्हांस दिसतात. एकाचा पाय ठणकत असतो, म्हणून तो लवकर येतो. दुसऱ्याच्या तळव्याला जखम झालेली असते, परंतु ती दुखत नाही, म्हणून तो उशिरा येतो. पाय गमावण्याची वेळ बहुधा या दुसऱ्यावरच येते. पेण व रोहा तालुक्यांत भातशेती, मिठागरे, वीटभट्ट्या आणि गणेशमूर्तींचे कारखाने यांवर असंख्य कुटुंबांचा चरितार्थ चालतो. ही सर्व कामे पायांच्या बळावर होतात. म्हणून यंदाच्या अहवालात पावलाविषयी चार गोष्टी वाचकांपुढे ठेवीत आहोत.

पावलाची घडण

एका पावलात २६ हाडे असतात. दोन्ही पावलांची मिळून ५२, म्हणजे शरीरातील २०६ हाडांपैकी चौथ्या हिश्शाहून किंचित अधिक. टाचेकडील भागात ७, मधल्या भागात ५ व बोटांत १४ अशी त्यांची वाटणी आहे. अंगठ्यात दोन आणि इतर प्रत्येक बोटात तीन हाडे असतात.

आपण ज्यांना घोटे म्हणतो ते दोन उंचवटे म्हणजे गुडघ्याखालील दोन हाडांची टोके होत. आतला घोटा नडगीच्या हाडाचा, तर बाहेरचा तिच्या शेजारील बारीक हाडाचा. या दोहोंच्या मधल्या खाचेत टॅलस नावाचे हाड बसते व घोट्याचा सांधा तयार होतो. टॅलसला एकही स्नायू चिकटलेला नसतो आणि त्याचा रक्तपुरवठाही बेताचाच असतो. त्यामुळे ते मोडल्यास भरून येण्यास वेळ लागतो. घोट्याच्या सांध्यात पाऊल वर-खाली होते. ते आत-बाहेर कलते ते मुख्यतः त्याच्या खालच्या सांध्यात. शेताच्या अरुंद, उंचसखल बांधावरून डोक्यावर भारा घेऊन चालणे शक्य होते ते या दोन सांध्यांच्या सहकार्यामुळे.

पाऊल सपाट फळीसारखे नसते. त्याला लांबीच्या दोन व रुंदीची एक अशा कमानी असतात. टाचेपासून बोटांच्या मुळापर्यंत तळव्याखाली एक चिवट पडदा ताणलेला असतो. तो या कमानींना आधार देतो. पोटरीचे स्नायू शरीरातील सर्वांत जाड कंडरेने टाचेच्या हाडाला जोडलेले असतात. टाचेखाली चरबीची गादी असते. या सर्वांवर पहारा असतो तो मज्जातंतूंचा. काटा रुतताच पाऊल आपोआप उचलले जाते, ते त्यांच्यामुळेच.

नेहमी आढळणारे विकार

पाय मुरगळणे : पाऊल आतल्या बाजूस वळून बाहेरच्या घोट्याचे अस्थिबंध ताणले किंवा फाटले जातात. अशा वेळी जोराने मालीश करणे अथवा ओढून ‘बसविणे’ हानिकारक ठरते. पायास विश्रांती द्यावी, फडक्यात गुंडाळलेल्या बर्फाने शेकावे, क्रेप बँडेज बांधावे व पाय उशीवर उंच ठेवावा. क्ष-किरण छायाचित्र केव्हा काढावे, याचे सोपे नियम कॅनडातील ओटावा येथील डॉक्टरांनी १९९२ साली मांडले. घोट्याच्या हाडावर मागील कडेला दाबल्यास दुखत असेल, किंवा चार पावलेही टाकता येत नसतील, तर तपासणी लांबवू नये, हे त्यांतील मुख्य सूत्र होय.

टाचदुखी : सकाळी अंथरुणातून उठून टाकलेले पहिले पाऊल असह्य व्हावे आणि थोडे चालल्यावर दुखणे कमी व्हावे, हे तळव्याखालील पडद्याच्या विकाराचे लक्षण आहे. पोटरी व तळव्याला ताण देणारे व्यायाम नियमित केले आणि मऊ तळव्याची चप्पल वापरली, तर बहुतेकांना काही महिन्यांत आराम पडतो.

बैठकीचे विकार : पेण शहर आणि हमरापूर, जोहे, कळवे या गावांतील मूर्तिकार तासन्‌तास मांडी घालून काम करतात. अशा बैठकीत बाहेरचा घोटा जमिनीवर घासून तेथे घट्टा पडतो किंवा पाण्याने भरलेली गाठ येते. शिंपीकाम करणाऱ्यांतही हा विकार पूर्वीपासून ओळखीचा आहे. दीर्घकाळ उकिडवे बसून कापणी वा निंदणी करताना गुडघ्याच्या बाहेरील बाजूचा मज्जातंतू दाबला जातो. मग पाऊल वर उचलता येत नाही व चालताना फरफटते. दर अर्ध्या तासाने उठून चार पावले चालणे आणि घोट्याखाली जाड घडी ठेवणे, एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो.

त्वचेचे विकार : लावणीच्या दिवसांत सतत पाण्यात राहून बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, उन्हाळ्यात टाचांना भेगा पडतात, चुकीच्या चपलेमुळे कुरूप होते. वरवर क्षुल्लक वाटणाऱ्या या व्याधी जंतूंना शरीरात शिरण्यास वाट करून देतात. ज्याच्या पायाची संवेदना शाबूत आहे, तो या वेळीच उपचार करून घेतो. ज्याची नाही, त्याची कथा निराळी.

न दुखणारी जखम

मधुमेह अनेक वर्षे आटोक्यात नसेल, तर पायाचे मज्जातंतू निकामी होऊ लागतात. आरंभी मुंग्या येतात, पुढे बधिरता येते. पायातली चप्पल निसटून पडली तरी कळत नाही. चपलेत शिरलेला खडा दिवसभर टोचत राहतो आणि रात्री मोज्यावर अथवा लादीवर रक्त दिसल्यावर घरच्यांच्या ध्यानी येते. रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या असल्यास जखम भरत नाही, हाडापर्यंत जंतू पोहोचतात आणि बोट, पाऊल वा पाय कापण्याचा प्रसंग येतो.

हा धडा वैद्यकशास्त्र प्रथम कुष्ठरोगाकडून शिकले. वेल्लोर येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये डॉ. पॉल ब्रँड यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून कुष्ठरुग्णांवर काम केले. बोटे रोगाने आपोआप झडतात, हा समज त्यांनी खोडून काढला. वेदना न जाणवल्यामुळे होणाऱ्या रोजच्या इजा हे त्या हानीचे खरे कारण आहे, हे त्यांनी दाखवून दिले. बधिर पावलावरील भार प्लॅस्टरने विभागून जखम भरून आणण्याची पद्धत कुष्ठरुग्णांसाठी वापरली गेली. पुढे ती मधुमेहींच्या उपयोगी पडली. मायक्रोसेल्युलर रबराच्या मऊ चपलांचीही हीच कहाणी आहे. आपल्या जिल्ह्यात पनवेलजवळ नेरे येथील ‘शांतिवन’ची ओळख कुष्ठरुग्णांच्या सेवेसाठीच आहे. डिसेंबर २००५ मध्ये भारताने राष्ट्रीय पातळीवर कुष्ठरोग निर्मूलनाचे उद्दिष्ट गाठले, तथापि नवे रुग्ण आजही आढळतात. म्हणून अंगावरील बधिर चट्ट्याकडे दुर्लक्ष करू नये.

बधिरता ओळखण्याची चाचणी अत्यंत सोपी आहे. ठरावीक जाडीचा नायलॉनचा धागा तळव्यावर टेकवून तो वाकेपर्यंत दाबला जातो व रुग्णास डोळे मिटून स्पर्श सांगण्यास सांगितले जाते. यास काही मिनिटे लागतात. ज्यास तो स्पर्श जाणवत नाही, त्याच्या पावलावरील पहारा उठला आहे असे समजावे. तो पहारा आता घरच्यांनी करावयाचा असतो.

कुटुंबीयांना विनंती

१. मधुमेही व्यक्तीचे तळवे आणि बोटांच्या बेचक्या रोज रात्री उजेडात पाहाव्यात. वयोवृद्धांना वाकता येत नाही वा नीट दिसत नाही. हे काम मुला-नातवंडांनी करावे.
२. पाय कोमट पाण्याने धुऊन बेचक्या कोरड्या कराव्यात. पाण्याची उष्णता रुग्णाने पायाने अजमावू नये. दुसऱ्याने हाताने पाहावी.
३. घरातही अनवाणी चालू नये. चप्पल घालण्यापूर्वी ती झटकून आतून हात फिरवावा.
४. कुरूप ब्लेडने कापू नये. त्यावर जळजळीत औषधे लावू नयेत.
५. जखम दुखत नसली तरी त्याच दिवशी दाखवावी. ती भरेपर्यंत त्या पायावर भार देऊ नये. औषधाइतकेच हे पथ्य महत्त्वाचे आहे.

जेव्हा पाय वाचत नाही

सर्व प्रयत्न करूनही काहींचा पाय वाचविता येत नाही. त्यांच्यासाठी १९६८ साली जयपूर येथे डॉ. प्रमोद करण सेठी व कारागीर रामचंद्र शर्मा यांनी रबराचा कृत्रिम पाय सिद्ध केला. परदेशी कृत्रिम पायांना बूट लागत असे. जयपूर पाय लावून मात्र अनवाणी चालता येते, उकिडवे बसता येते आणि चिखलातही उतरता येते. आमच्यासारख्या भातशेतीच्या मुलखात याचे मोल शब्दांत सांगणे कठीण आहे.

तरीही उत्तमातील उत्तम कृत्रिम पायाला स्पर्श कळत नाही. शस्त्रक्रियेच्या आणि कृत्रिम अवयवाच्या खर्चाच्या मानाने नायलॉनचा धागा व मऊ चपलांचा जोड यांची किंमत नगण्य आहे. त्याहून मोलाचा आहे तो घरातील कोणीतरी रोज रात्री खाली वाकून तळव्यावरून फिरविलेला हात. देणगीदार व विश्वस्त यांच्या पाठबळाने पहिल्या दोन गोष्टी आम्ही रुग्णांपर्यंत पोहोचवू शकतो. तिसरी मात्र आपणा सर्वांच्या घरीच व्हावयाची आहे. या अहवालाचा वाचक आज रात्री घरातील एका वडीलधाऱ्या व्यक्तीचे तळवे उजेडात पाहील, तर हा लेख लिहिण्याचे सार्थक झाले असे आम्ही मानू.