अर्धशिशी : एक मेंटेनन्स प्रॉब्लेम

रात्री हॉस्टेलची लाईट गेली की सगळ्या मजल्यांवरून एकच ओरडा ऐकू येतो. त्या वेळी मनातल्या मनात खूश होणारी बहुतेक मी एकटीच. डोकं चढलेलं असलं की मला फक्त अंधार आणि शांतता हवी असते.

माझं शिक्षण कॉन्व्हेंटचं, त्यामुळे मराठी विभागात लिहिताना थोडी धाकधूक आहे. चुका पोटात घाला. पण "तुझं डोकं रोज कसं काय दुखतं गं?" हा प्रश्न गेली ४ वर्षं मला मराठीतच विचारला जातो, म्हणून उत्तरही मराठीतच.

मला मायग्रेन आहे. आपल्याकडे त्याला अर्धशिशी म्हणतात. आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत 'अर्धावभेदक' असं नाव सापडतं, म्हणजे हे दुखणं काही मोबाईल आल्यावर सुरू झालेलं नाही. साध्या डोकेदुखीपेक्षा हे वेगळं. ठणका बहुतेक वेळा एका बाजूला असतो, औषध नाही घेतलं तर ४ ते ७२ तास टिकतो, जिना चढला तरी वाढतो. मळमळतं, उलटी होते. उजेड आणि आवाज नकोसा होतो, मेसमधल्या फोडणीचा वासही सहन होत नाही.

काही जणांना दुखण्याआधी डोळ्यांसमोर चमकणाऱ्या नागमोडी रेषा दिसतात. याला ऑरा म्हणतात. कार्ल लॅशली नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाला असा ऑरा यायचा. तो कसा पसरतो याची चित्रं काढून त्याने १९४१ मध्ये गणित मांडलं, की मेंदूच्या पृष्ठभागावर काहीतरी मिनिटाला साधारण ३ मिलिमीटर वेगाने सरकत असावं. १९४४ मध्ये लियाओ या ब्राझिलियन शास्त्रज्ञाने सशाच्या मेंदूत खरोखरच अशी हळू सरकणारी लाट नोंदवली. मित्रांनो, ज्या गोष्टीचा वेग काढता येतो तिला "नाटक" म्हणणं इंजिनिअरला तरी शोभत नाही!

आता माझी चूक सांगते, कारण हा लेख खरं तर त्यासाठीच आहे.

सेकंड इयरला सबमिशनच्या काळात डोकं वारंवार दुखायला लागलं. मेडिकलवाल्याने चिठ्ठी न मागता एक कॉम्बिनेशनची पेनकिलर दिली. तासाभरात आराम. मग काय, पर्समध्ये कायम स्ट्रिप. आधी आठवड्याला एक, मग दोन दिवसांनी एक, मग रोज सकाळी उठताच एक. गोळी वाढत होती आणि डोकेदुखीही वाढत होती. शेवटी एका ओरलला बसताच आलं नाही. तेव्हा कुठे घरी सांगितलं आणि पप्पांबरोबर नगरला (आता अहिल्यानगर, पण तोंडात नगरच येतं) न्यूरोलॉजिस्टकडे गेले.

डॉक्टरांचा पहिला प्रश्न, "महिन्यात किती दिवस गोळी घेतेस?" मी बोटांवर मोजलं. २२ दिवस.

मग त्यांनी समजावलं. साधी पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेनसारखी पेनकिलर महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, आणि कॉम्बिनेशनची गोळी किंवा ट्रिप्टान गटातलं औषध १० किंवा जास्त दिवस, असं ३ महिन्यांहून जास्त चाललं, तर ती गोळीच डोकेदुखी वाढवू शकते. किती गोळ्या यापेक्षा महिन्यातले किती दिवस, हे महत्त्वाचं. मी आगीवर पाणी समजून रॉकेल ओतत होते.

आपल्या भाषेत सांगायचं तर मी फक्त ब्रेकडाऊन मेंटेनन्स करत होते. मशीन बंद पडलं की ठोकायचं. मला हवा होता प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्स. अटॅक वारंवार येत असतील तर दुखो वा न दुखो, रोज घ्यायचं औषध वेगळं असतं. त्याने चालू असलेलं दुखणं थांबत नाही, पण अटॅकची संख्या कमी होते. मला प्रोप्रॅनोलॉल दिलं. इंटरनेटवर बघून आई घाबरली, "अगं, ही तर हार्टची गोळी!" खरंच आहे. जेम्स ब्लॅक यांनी ती हृदयासाठी शोधली, आणि १९८८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. हृदयाच्या पेशंटना ती देताना काहींची अर्धशिशीही कमी झाल्याचं लक्षात आलं. म्हणजे औषध उसनं आणलेलं. खास मायग्रेन रोखण्यासाठी बनवलेलं इरेन्यूमॅब हे इंजेक्शन अमेरिकेत मंजूर झालं ते २०१८ मध्ये.

पण ही गोळी कोणी कोणाची घेऊ नये. दमा असेल तर प्रोप्रॅनोलॉल चालत नाही, आणि मनाने एकदम बंदही करायचं नसतं. फ्लुनारिझिनने झोप आणि वजन वाढू शकतं. टोपिरामेटने हातापायांना मुंग्या येतात, कधी बोलताना शब्द आठवत नाही. व्हॅल्प्रोएट गर्भाला घातक आहे, म्हणून मुलींनी डॉक्टरांना स्पष्ट विचारावं.

पेनकिलर बंद केल्यावर पहिले १०-१२ दिवस फार वाईट गेले. महिना झाला तरी फरक दिसेना. "काही उपयोग नाही," म्हणून मी सोडूनच देणार होते. पण या औषधांना सहा ते आठ आठवडे, कधी त्याहून जास्त वेळ द्यावा लागतो. तिसऱ्या महिन्यात वहीत मोजलं तर दुखण्याचे दिवस १८ वरून ७ वर आले होते. पूर्ण बरी नाही झाले, पण निम्म्याहून कमी झालं तर डॉक्टर त्याला यश म्हणतात. सगळं नीट राहिलं तर पुढे डोस हळूहळू कमी करून बघायचा आहे.

वही मात्र सगळ्यांनी ठेवा. तारीख, किती तास दुखलं, काय घेतलं, झोप किती, जेवण चुकलं का, पाळी. माझ्या वहीत दोन गोष्टी सारख्या दिसल्या, जागरण आणि रिकामं पोट. म्हणून आता चतुर्थीचा उपवास आजीच्या परवानगीने बंद, आणि सबमिशन असलं तरी नाइट मारणं बंद. शीट अपूर्ण राहिली तर राहिली.

एक सावधगिरी. अचानक, आयुष्यात कधी नव्हे इतकं जोरात दुखलं, तापाबरोबर मान आखडली, हातपाय लुळे पडले, बोलणं अडखळलं किंवा डोक्याला मार लागल्यावर दुखलं तर झोपून वाट बघू नका, लगेच हॉस्पिटल गाठा.

सहा महिने मी गोळ्यांची स्ट्रिप ड्रॉइंगच्या बॉक्समध्ये लपवत होते. "एवढ्या लहान वयात रोज गोळी?" हे ऐकायचं नव्हतं. पण चष्मा रोज लावणाऱ्याला कोणी व्यसनी म्हणत नाही. लपवावं असं खरं तर तेव्हा होतं, जेव्हा मी २२ दिवस पेनकिलर घेत होते, आणि तेव्हा कोणीच काही विचारलं नाही. आता स्ट्रिप टेबलावरच असते. रात्री नऊ वाजले की रूममेटच ओरडते, "अगं, तुझं मेंटेनन्स राहिलं!"

तेव्हा शेजारच्या रूममध्ये कोणी दार लावून अंधारात पडलं असेल तर "उठ, नाटकं नको करूस" म्हणू नका. स्पीकरचा आवाज कमी करा, मेसमधून डबा आणून ठेवा. आणि नंतर, बरं वाटल्यावर, एवढंच विचारा, "महिन्यात किती दिवस गोळी घेतेस?"