अर्धं चित्र त्यांच्या हाती
लेखमाला : छायाचित्र घडतं कसं? (लेखांक सातवा)

गेल्या आठवड्यात आपण चौकट पाहिली : काय आत घ्यायचं आणि काय बाहेर ठेवायचं. आज त्याच्याही आधीचा प्रश्न. कलाछायाचित्रकाराला सुचतं कसं? आणि सुचल्यापासून चित्र भिंतीवर लागेपर्यंत नेमकं काय काय होतं?

लग्नाच्या छायाचित्रकाराला मुहूर्त ठरवून मिळतो, वृत्तपत्राच्या छायाचित्रकाराला बातमी. कलाछायाचित्रकाराला कोणी काम सांगत नाही. विषय, मुदत, चित्रांची संख्या, थांबायचं कुठे, हे सगळं त्याचं त्यालाच ठरवावं लागतं. हे स्वातंत्र्य फार अवघड असतं, आणि ते कसं वापरावं याचं एक ठळक उदाहरण आपल्याच राज्यात, पालघर जिल्ह्यात घडलं आहे.

गौरी गिल यांचा जन्म १९७० सालचा, चंडीगडचा. त्या दिल्लीत राहतात. सुरुवातीला त्या नियतकालिकांसाठी छायाचित्रं काढत. १९९९ साली राजस्थानातल्या एका खेड्यातल्या शाळेत एका मुलीला शिक्षकाकडून मार बसताना त्यांनी पाहिलं. हा विषय दोन दिवसांत उरकून बातमीत बसवण्यासारखा नव्हता. त्या पुन्हा राजस्थानात गेल्या आणि मग वर्षानुवर्षं जातच राहिल्या. त्यातून ‘नोट्स फ्रॉम द डेझर्ट’ ही प्रदीर्घ मालिका उभी राहिली. २०२३ साली तिला प्री पिक्ते हा आंतरराष्ट्रीय छायाचित्रण पुरस्कार मिळाला.

या काळात त्यांच्या कामाची दिशा हळूहळू बदलत गेली. २००३ साली बिकानेर जिल्ह्यातल्या लूणकरणसर इथं मुलींचा मेळा भरला, तेव्हा तिथं त्यांनी छायाचित्रांसाठी तंबू लावला. कसं उभं राहायचं, हातात काय धरायचं, सोबत कोणाला घ्यायचं, हे ज्या त्या मुलीनं ठरवलं. पुढे कसुंबी दाई या सुईणीनं त्यांना बाळंतपणाची छायाचित्रं काढायला स्वतःहून बोलावलं. म्हणजे आधी गिल विषय शोधत गेल्या होत्या. आता विषय त्यांना हाक मारू लागला. इतकी वर्षं जाणं-येणं ठेवल्याशिवाय अशी हाक येत नाही.

२०१३च्या सुरुवातीला त्या डहाणू तालुक्यातल्या गंजाडला आल्या. हे गाव वारली चित्रकलेच्या इतिहासात फार मोठं आहे. लग्नाच्या वेळी बायकांनी भिंतीवर काढायच्या या चित्रांना कागदावर आणि पुढे जगभर नेणारे जिव्या सोमा म्हसे इथलेच. गिल यांचा मुक्काम होता राजेश वांगड या वारली चित्रकाराच्या घरी. वांगड त्यांना गावातल्या आणि आसपासच्या जागा दाखवत, तिथं काय घडलं ते सांगत आणि गिल कृष्णधवल छायाचित्रं काढत. कित्येक चित्रांत वांगड स्वतः आहेत, समोरचा मुलूख पाहणारे.

छायाचित्रांच्या प्रती हाती आल्या तेव्हा गिल यांना त्यांतली उणीव जाणवली. डोंगर होता, माळ होता, झाडं होती. पण वांगड ज्या गोष्टी सांगत होते, त्यांतली एकही दिसत नव्हती. देव नव्हते, पूर्वज नव्हते, तुटलेलं जंगल नव्हतं, ओढवून गेलेली संकटं नव्हती. भिंगापुढे त्या क्षणी जे उभं होतं, तेवढंच कागदावर आलं होतं.

अशा वेळी बहुतेक छायाचित्रकार पुन्हा जातात आणि अधिक चांगला प्रकाश गाठतात. गिल यांनी आपली छायाचित्रं वांगडांपुढे ठेवली आणि त्यांवर रेखाटायला सांगितलं. तिथून ‘फील्ड्स ऑफ साइट’ ही मालिका सुरू झाली.

यातलं एखादं चित्र जवळून पाहा. दुरून ते करड्या रंगांतलं निसर्गदृश्य वाटतं. जवळ गेलं की आकाशभर, जमिनीभर काळ्या शाईच्या बारीक रेषा दिसू लागतात. त्रिकोणी अंगांची माणसं, जनावरं, झाडं, घरं. गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाची पांढरी रेषा ही वारलीची ओळख. इथं ती काळी होऊन छायाचित्रात शिरते. भिंग एका जागेवरून, एका क्षणी पाहतं. लांबचं लहान दाखवतं, जवळचं मोठं. वारली चित्र हा नियम मानत नाही. शंभर वर्षांपूर्वीचा प्रसंग आणि आजचा प्रसंग त्यात शेजारीशेजारी बसतात. एकाच कागदावर पाहण्याच्या या दोन रीती समोरासमोर येतात आणि एकीत जे सांगता येत नाही, ते दुसरी सांगते. ही चित्रं दोघांच्या नावानं प्रदर्शित होतात. माझ्या मते ही बाब चित्राइतकीच महत्त्वाची आहे.

पुढचं पाऊल पडलं याच जिल्ह्यातल्या जव्हारला. या भागात बोहाडा होतो. गणपतीपासून रावणापर्यंतची सोंगं कागदाच्या लगद्याचे मुखवटे चढवून रात्र-रात्र नाचतात. धर्मा कडू हे मुखवट्यांचे नामांकित कारागीर. त्यांचे मुलगे सुभाष आणि भगवान यांनी ती कला पुढे चालवली. बोहाड्याची छायाचित्रं पुष्कळांनी काढली आहेत. गिल यांनी कडू बंधूंकडे वेगळीच मागणी केली : देवादिकांचे नकोत, आज जगणाऱ्या माणसांचे मुखवटे करा. राग, प्रेम, आजारपण, म्हातारपण यांचे चेहरे करा, प्राण्यांचे करा, वस्तूंचेही करा. मग गावातल्याच माणसांनी ते चढवले आणि आपल्याच घरात, रस्त्यावर, कामाच्या जागी रोजचे प्रसंग वठवले. ‘अ‍ॅक्ट्स ऑफ अपिअरन्स’ ही रंगीत मालिका २०१५च्या सुमारास सुरू झाली, २०१७ साली ‘डॉक्युमेंटा’ या जागतिक प्रदर्शनात पोहोचली आणि पुढच्या वर्षी न्यूयॉर्कला. खरा चेहरा झाकला गेल्यावर पाहणाऱ्याची नजर माणसाच्या बसण्या-उठण्यावर, हातांवर, मानेच्या कलावर खिळते. मुखवट्यानं माणूस लपण्याऐवजी अधिक उघडा होतो.

या साऱ्यातून कामाची एक रीत दिसते. आधी ओढ लागते. मग दीर्घ सहवास. मग आपल्या चित्रात काय आलं नाही याचा कठोर हिशेब. त्यानंतर ती उणीव भरून काढणारी युक्ती, आणि शेवटी निवड. काढलेल्या चित्रांतली बहुतेक बाजूला ठेवावी लागतात. उरलेल्यांचा क्रम, आकार, कागद ठरवावा लागतो. बटण दाबणं हा यातला सगळ्यात छोटा भाग आहे.

कुपवाडच्या वाचकाला हे दूरचं वाटू नये. हरिपूरच्या हळद साठवायच्या पेवांची छायाचित्रं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. त्यांत काय दिसतं? जमिनीतलं एक भोक आणि त्याभोवती उभी माणसं. पेवाचं तोंड अरुंद, पोट मोठं. खरं पेव असतं जमिनीखाली, जिथं कॅमेऱ्याला काही दिसत नाही. तोंड उघडल्यावर लगेच आत उतरता येत नाही, हवा खेळू द्यावी लागते. आतला अंधार, उष्मा, धास्ती ठाऊक असते ती उतरणाऱ्या हमालाला. २००५च्या महापुरानं पुष्कळ पेवं निकामी केली. ती कुठं होती हेही त्या हमालांनाच सांगता येईल. आपल्या औद्योगिक वसाहतीतल्या भट्टीवरच्या कामगाराचं तेच, काळू-बाळूंच्या कवलापुरातल्या जुन्या तमाशा कलावंताचंही तेच. त्यांची चित्रं आपण काढतो. चित्रात काय राहून गेलं ते त्यांना कधी विचारत नाही.

म्हणून या आठवड्याचा अभ्यास असा. ओळखीच्या एका कष्टकऱ्याच्या कामाच्या जागेचं एक छायाचित्र काढा. मोबाइलवर दाखवून थांबू नका. स्टुडिओतून त्याची वहीच्या पानाएवढी प्रत काढून आणा. ती त्यांच्यापुढे ठेवा, हातात पेन द्या आणि यात काय आलं नाही ते काढायला किंवा लिहायला सांगा. ते काढत असताना मध्ये बोलू नका. आणि ते चित्र कुठेही लावाल, तेव्हा त्याखाली दोन्ही नावं लिहा.