व्यापार करार आणि आपली औषधाची गोळी

आमच्या गावातील एक निवृत्त शिक्षक दर तीन महिन्यांनी रक्ततपासणीचा कागद घेऊन माझ्याकडे येतात. त्यांना रक्ताचा कर्करोग आहे. त्याचे नाव क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया. रोज एक गोळी घ्यायची, वेळेवर तपासणी करायची आणि आपली कामे करीत राहायची, एवढेच पथ्य. गेली कित्येक वर्षे ते हे पथ्य नेमाने पाळत आहेत. मागच्या खेपेला त्यांनी कागदाबरोबर वर्तमानपत्राचे एक कात्रणही आणले. परदेशाशी झालेल्या मुक्त व्यापार कराराची ती बातमी होती.

"डॉक्टरसाहेब, हे वाचून काही कळत नाही. एक म्हणतो औषधे स्वस्त होतील, दुसरा म्हणतो महाग होतील. माझ्या गोळीचे काय होणार, तेवढे सांगा."

गुरुजींचा प्रश्न नेमका होता, म्हणून आजचा लेख त्यावरच लिहीत आहे. वाचकहो, आरोग्याच्या सदरात व्यापार कशाला, असे कृपया म्हणू नका. मी लिहून दिलेली चिठ्ठी रोग्याला परवडली तरच तिचा उपयोग.

गोळी स्वस्त कशी झाली?

गुरुजींच्या गोळीचे नाव इमॅटिनिब. मूळ स्विस कंपनीच्या गोळीचा खर्च एके काळी महिन्याला सुमारे सव्वा लाख रुपये होता. भारतीय कंपन्यांनी तीच गोळी सुमारे आठ-दहा हजारांत दिली. हा फरक पडला तो आपल्या पेटंट कायद्यामुळे.

भारताने १९७० साली नवा पेटंट कायदा केला आणि १९७२ पासून तो लागू झाला. त्यात औषधाच्या पदार्थावर पेटंट मिळत नसे, ते फक्त तयार करण्याच्या कृतीवर मिळे. घरातले उदाहरण घ्या. शेजारच्या काकूंच्या चकलीच्या भाजणीचे प्रमाण त्यांचे, त्याची नक्कल करायची नाही. पण तुम्ही स्वतःच्या प्रमाणाने भाजणी करून चकली तळली, तर कोणी हरकत घेऊ शकत नाही. याच नियमाच्या आधाराने आपल्या औषध कंपन्या वाढल्या आणि औषधांच्या किमती खाली आल्या.

पुढे जागतिक व्यापाराचा करार झाला. १९९४ साली मोरोक्कोतील माराकेश येथे सह्या झाल्या आणि १ जानेवारी १९९५ पासून जागतिक व्यापार संघटना सुरू झाली. या करारातील बौद्धिक संपदेच्या भागाला 'ट्रिप्स' म्हणतात. त्यानुसार पदार्थावरच वीस वर्षांचे पेटंट देणे सर्व सभासद देशांना बंधनकारक झाले. म्हणजे आता वीस वर्षे दुसऱ्या कोणी चकलीच करायची नाही, भाजणी कोणतीही असो! भारताला त्यासाठी दहा वर्षांची सवलत होती. १ जानेवारी २००५ पासून आपणही हा नियम स्वीकारला.

कायद्यात ठेवलेल्या दोन खिडक्या

मात्र २००५ साली कायदा बदलताना संसदेने त्यात कलम ३(ड) घातले. जुन्याच औषधाचे रूप थोडे बदलले म्हणून नवे पेटंट मिळणार नाही, रोगावरील गुण वाढल्याचे दाखवावे लागेल, असे हे कलम सांगते. गुरुजींच्या गोळीचा खटला याच कलमावर चालला. नोव्हार्टिस कंपनीने इमॅटिनिबच्या एका स्फटिकरूपावर पेटंट मागितले होते. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती मागणी फेटाळली. आपण पुष्कळ भारतीय रोग्यांना ही गोळी मोफत देतो, असे कंपनीचे म्हणणे होते आणि तशी तिची योजना खरोखर होती. पण मोफत योजना कंपनीच्या इच्छेवर चालते. बाजारात स्वस्त गोळी असली की रोग्याला कोणाच्या इच्छेकडे पाहावे लागत नाही.

दुसरी खिडकी सक्तीच्या परवान्याची. पेटंट असलेले औषध लोकांना परवडत नसेल, तर सरकार दुसऱ्या कंपनीला ते करण्याचा परवाना देऊ शकते. मूळ कंपनीला त्याबद्दल मोबदला मिळतो. मार्च २०१२ मध्ये यकृत आणि मूत्रपिंडाच्या कर्करोगावरील सोराफेनिब या औषधासाठी असा परवाना दिला गेला. महिन्याचा खर्च सुमारे दोन लाख ऐंशी हजारांवरून आठ हजार आठशे रुपयांवर आला.

या खिडक्या क्षयरोग्यांनाही उपयोगी पडल्या. नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या क्षयावर बेडाक्विलिन हे औषध आहे. त्याच्या मूळ पेटंटची मुदत जुलै २०२३ मध्ये संपत होती. कंपनीने त्याच्या क्षाररूपावर आणखी एक पेटंट मागितले होते. मुंबईच्या नंदिता व्यंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले यांनी त्याला हरकत घेतली. दोघीही क्षयातून बऱ्या झालेल्या, पण जुन्या औषधांच्या दुष्परिणामाने दोघींची श्रवणशक्ती गेलेली. मार्च २०२३ मध्ये पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला.

मग नव्या करारांची भीती कशाची?

आता दोन देश किंवा देशांचे गट आपसात वेगळे करार करतात. त्यात कधी कधी ट्रिप्सपेक्षाही जास्त अटी मागितल्या जातात. त्यातील मोठी अट म्हणजे चाचण्यांच्या माहितीवरील मक्तेदारी.

नवे औषध बाजारात आणण्यापूर्वी कंपनी हजारो रोग्यांवर चाचण्या करते आणि त्यांची माहिती सरकारला देते. नंतर तेच औषध करणाऱ्या दुसऱ्या कंपनीला सगळ्या चाचण्या पुन्हा कराव्या लागत नाहीत. आपली गोळी रक्तात तितकीच उतरते, एवढे तिने सिद्ध केले की पुरते. ही जुनी माहिती काही वर्षे वापरायची नाही अशी अट आली, तर पेटंट नसतानाही स्वस्त गोळी अडून राहते. चाचण्या पुन्हा कराव्यात म्हटले, तर त्यात अडचण नुसत्या पैशाची नाही. औषधाचा गुण माहीत असूनही काही रोग्यांना ते न देता ठेवणे कोणत्या डॉक्टरला पटेल?

जॉर्डनने अमेरिकेशी केलेल्या करारात ही अट मान्य केली होती. हा करार २००१ च्या अखेरीस अंमलात आला. ऑक्सफॅम या संस्थेने २००७ साली तेथे अभ्यास केला. पेटंट नसलेल्या, पण २००१ नंतर नोंदलेल्या १०३ औषधांपैकी ७९ टक्के औषधांना स्वस्त पर्यायच नव्हता, असे त्यात आढळले.

युरोपीय संघाशी आपल्या वाटाघाटी २००७ साली सुरू झाल्या, तेव्हा ही मागणी आपल्यापुढेही आली. मार्च २०११ मध्ये एचआयव्हीबाधित रोगी तिच्याविरुद्ध दिल्लीत रस्त्यावर उतरले. स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि लिकटेनस्टाइन या चार देशांशी १० मार्च २०२४ रोजी करार झाला, त्यातही भारताने ही अट स्वीकारली नाही. २४ जुलै २०२५ रोजी ब्रिटनशी झालेल्या करारात औषधे मिळवून देण्याचा अधिक चांगला मार्ग ऐच्छिक परवान्याचा, असे म्हटले आहे. त्यामुळे सक्तीच्या परवान्याची खिडकी अरुंद होईल, असे टीकाकार म्हणतात. कायद्यातील अधिकार कायम आहे, असे सरकारचे म्हणणे आहे.

दुसरी बाजूही ऐकली पाहिजे

करारांचे समर्थक उगाच बोलत नाहीत. आपल्या देशातून २०२३-२४ साली सुमारे अठ्ठावीस अब्ज डॉलरची औषधे परदेशी गेली. तारापूर, कुरकुंभ, वाळूज येथील औषध कारखान्यांत आपल्याच भागातली मुले कामाला आहेत. परदेशाचे दार उघडले तर त्यांच्या हाताला काम मिळते. आयात कर कमी झाला तर तपासणीची यंत्रे स्वस्त मिळू शकतात. आणि संशोधनाला मोबदला मिळाला नाही तर नवे औषध कोण शोधील, हा प्रश्नही खोटा नाही. इमॅटिनिब कोणीतरी शोधले, म्हणूनच गुरुजी आज माझ्यासमोर बसतात.

सगळे आपणच करू, असे म्हणूनही भागत नाही. गोळ्या आपल्या असल्या तरी त्यांच्या कच्च्या औषधी द्रव्यांच्या आयातीपैकी सुमारे दोन तृतीयांश चीनमधून येते. मार्च २०२० मध्ये करोनामुळे तिकडचा पुरवठा अडखळला, तेव्हा पॅरासिटामॉलसकट २६ औषधी द्रव्ये आणि औषधांच्या निर्यातीवर आपल्याला निर्बंध घालावे लागले होते.

माझे मत विचाराल तर असे आहे. व्यापार वाढावा, कर कमी व्हावेत. पण कलम ३(ड), सक्तीचा परवाना आणि जुन्या चाचण्यांची माहिती वापरण्याची मुभा, या तीन गोष्टी सौद्यात देऊ नयेत. मोटारीवरचा कर पुढच्या वर्षी पुन्हा ठरवता येतो. वेळेवर गोळी न मिळालेल्या रोग्याला पुढचे वर्ष मिळेलच असे नाही.

आपण काय करावे?

१. कराराच्या बातमीने घाबरून चालू औषध बंद करू नका किंवा एक दिवसाआड घेऊ नका. कर्करोग, क्षय, रक्तदाब आणि मधुमेहात हे फार महागात पडते.

२. डॉक्टरांकडून औषधाचे मूळ नाव लिहून घ्या. जनऔषधी केंद्रात ते मिळते का, याची चौकशी करा. मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बदलू नका.

३. कराराची बातमी वाचताना कोणत्या वस्तू स्वस्त झाल्या एवढ्यावर थांबू नका. पेटंट आणि औषधे यांविषयी काय ठरले, तेही पाहा. आपल्या खासदारांना ते विचारण्याचा हक्क तुम्हाला आहे.

गुरुजींना मी सांगितले, "तुमची गोळी आज अनेक कंपन्या करतात. कोणत्याही कराराने ती उद्या बंद होणार नाही. प्रश्न आहे तो पुढे येणाऱ्या नव्या औषधांचा."

गुरुजींनी कात्रणाची घडी करून खिशात ठेवली. "म्हणजे माझे निभावले," ते म्हणाले, "आता माझ्यामागून येणाऱ्यांचे पाहायचे."