पिंजऱ्याची भूमिती

ऑगस्ट २०१४. जर्मनीतल्या जागतिक रॅलीच्या सरावफेरीत बेल्जियमच्या थिएरी नविलची ह्युंदाई आय-२० रस्ता सोडून द्राक्षमळ्यात घुसली आणि कोलांट्या खात गेली. नविल आणि त्याचा सहचालक दोघंही चालत बाहेर आले. तंत्रज्ञांनी रात्र जागून गाडी पुन्हा उभी केली आणि त्याच रविवारी नविलने ती स्पर्धा जिंकली. जागतिक रॅलीतला ह्युंदाईचा तो पहिला विजय. बाहेरच्या पत्र्याची रया गेली होती, पण आतला पोलादी पाइपांचा पिंजरा, म्हणजे रोल केज, शाबूत होता म्हणूनच हे जमलं.

ही झाली कारखान्याच्या संघाची गोष्ट. हौशी स्पर्धकाकडे ना अभियंत्यांचा ताफा असतो ना तसा पैसा. जुनी गाडी घ्यायची, सीट आणि गालिचे उपटायचे, ओळखीच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून पिंजरा बसवून घ्यायचा आणि शर्यतीत उतरायचं, असा त्याचा बेत असतो. मग नियमपुस्तिका हाती पडते. पाइपचा व्यास, भिंतीची जाडी, वाकाची त्रिज्या, पायाखालच्या पट्टीचं क्षेत्रफळ, बोल्टची प्रत असं सगळं त्यात मिलिमीटरमध्ये लिहिलेलं असतं. वाचताना ही कागदोपत्री कटकट वाटते. खरं तर त्यातल्या जवळजवळ प्रत्येक आकड्यामागे यंत्रशास्त्राचं एक कारण आहे आणि ते कळलं की निवड सोपी होते.

आधी पिंजऱ्याचं काम समजून घेऊ. समोरून धडक बसली की गाडीचं नाक चुरगळतं. ते तसं चुरगळावं म्हणूनच घडवलेलं असतं, कारण त्या चुरगळण्यातच धडकेची ऊर्जा खर्च होते. माणूस बसतो ती जागा मात्र आक्रसता कामा नये. गाडी उलटून छपरावर आपटते तेव्हा हीच जागा धोक्यात येते. पिंजऱ्याने राखायची ती ही पोकळी.

किती भार पेलायचा? मोटरस्पोर्टची जागतिक संघटना एफआयए हिच्या नियमांत याचं हिशेबी उत्तर आहे. गाडीच्या वजनात १५० किलो मिळवायचे आणि येणाऱ्या बेरजेच्या साडेसात पट भार चालकामागच्या मुख्य कमानीवर वरून द्यायचा. कमान तुटता कामा नये आणि ५० मिलिमीटरहून अधिक कायमची दबता कामा नये. गाडी १,००० किलोची असेल तर हा भार साडेआठ टनांच्या वर जातो. पुढच्या कमानीसाठी हेच प्रमाण साडेतीन पट आहे. प्रमाणपत्र मिळवू पाहणाऱ्या पिंजऱ्याला ही कसोटी द्यावी लागते.

आता पाइप. एफआयएच्या नियमांप्रमाणे मुख्य कमानीचा पाइप किमान ४५ मिलिमीटर व्यासाचा आणि अडीच मिलिमीटर जाडीचा हवा, किंवा ५० मिलिमीटर व्यासाचा आणि दोन मिलिमीटर जाडीचा. वाकण्याला होणारा विरोध हा धातू मध्यापासून किती दूर आहे त्यावर ठरतो. ४५ मिलिमीटरच्या त्या पाइपमध्ये जेवढं पोलाद आहे तेवढ्याचीच भरीव सळई केली, तर ती जेमतेम साडेवीस मिलिमीटर जाडीची होईल आणि वाकण्याला पाइपच्या तुलनेत सुमारे साडेआठ पट कमी विरोध करेल. ५० मिलिमीटरचा पाइप तर ४५ च्या पाइपहून सुमारे दहा टक्के हलका असूनही सुमारे पंधरा टक्के अधिक ताठ असतो. मग व्यास वाढवत आणि भिंत पातळ करत का जाऊ नये? कारण पातळ भिंतीला एका जागी पोचा पडतो आणि पाइप तिथेच दुमडतो. म्हणून नियम दोन्ही मापं बांधून देतो.

पाइप वाकवतानाही हेच भान ठेवावं लागतं. वाकाच्या बाहेरच्या अंगाला धातू ताणला जाऊन पातळ होतो, आतल्या अंगाला सुरकुत्या पडू शकतात आणि गोल पाइप चपटा होऊ लागतो. म्हणून वाकाची त्रिज्या व्यासाच्या किमान तिप्पट हवी, वाक थंड स्थितीतच द्यावा आणि चपटेपणा दहा टक्क्यांपलीकडे जाऊ नये, असं नियम सांगतो. अमेरिकेतल्या एससीसीए या हौशी स्पर्धकांच्या संघटनेत पाइपचं माप गाडीच्या वजनावर ठरतं. तिथे कमानीत सुमारे पाच मिलिमीटरचं एक छिद्रही पाडून ठेवावं लागतं, कारण रंगवलेल्या पाइपची जाडी बाहेरून दिसत नाही. त्या छिद्रातून ती मोजता येते.

धातूची निवड करताना बरेच जण फसतात. एफआयएला बिनजोड, थंड ओढलेला साध्या कार्बन पोलादाचा पाइप लागतो. पाण्याच्या नळाचा जीआय पाइप स्वस्त मिळतो, पण त्यावरच्या जस्तामुळे वेल्डिंग बिघडतं आणि धूर विषारी होतो. महागडा क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाचा पाइप अधिक ताण सहन करतो हे खरं, पण लवचिकतेचा गुणांक जवळपास तोच असल्याने त्याच मापाचा पाइप अधिक ताठ होत नाही. शिवाय वेल्डिंगच्या उष्णतेने टाक्याशेजारचा भाग ठिसूळ होण्याची भीती त्यात जास्त असते. वेल्डरचा हात बसलेला नसेल तर साधं पोलादच बरं.

एवढा चांगला पाइप घेऊनही पिंजरा कोसळू शकतो, कारण खरी ताकद मांडणीत असते. चार पाइपांची चौकट कोपऱ्यातून ढकलली की तिरकी होते, त्रिकोण मात्र एकही बाजू लांब-आखूड झाल्याशिवाय आकार बदलत नाही. परांची बांधणारा कामगार उभ्या-आडव्या बांबूंना एक तिरपा बांबू बांधतो तो याचसाठी. म्हणून मुख्य कमानीत कर्ण लागतो, दारात एकमेकांना छेदणारे पाइप बसवतात आणि मागे जाणारे आधार सरळ व उभ्या रेषेशी किमान ३० अंशांचा कोन करणारे लागतात. त्रिकोणातल्या पाइपवर ताण किंवा दाब त्याच्या लांबीच्या दिशेने येतो आणि तो सोसण्यात पाइप तरबेज असतो. मध्येच वाकवलेला आधार दिसायला डौलदार असेल, पण दाब आला की तो आधी वाकतो.

कमानीवरचा भार शेवटी उतरतो पायाशी, आणि गाडीच्या तळाचा पत्रा जाडीला मिलिमीटरच्या आसपास असतो. पाइप थेट त्यावर टेकवला तर तो पत्रा फोडून खाली जाईल आणि छप्पर तेवढंच डोक्यावर येईल. म्हणून मुख्य पायांखाली किमान तीन मिलिमीटर जाडीची आणि १२० चौरस सेंटिमीटर क्षेत्रफळाची पट्टी लागते. पिंजरा बोल्टने बसवायचा असेल तर अशा प्रत्येक मुख्य पायाला ८.८ प्रतीचे, आठ मिलिमीटरचे किमान तीन बोल्ट हवेत.

पिंजऱ्यालाही मर्यादा आहेत. २००५ मध्ये वेल्समधल्या रॅलीत मार्को मार्टिनची प्यूजो गाडी एका बाजूने झाडावर आदळली आणि त्या बाजूला बसलेला सहचालक मायकेल पार्क दगावला. दार आणि माणूस यांच्यात चुरगळायला वावच नसतो. २०११ मध्ये इटलीतल्या एका रॅलीत रस्त्याकडेचा लोखंडी कठडा समोरून रॉबर्ट कुबित्साच्या गाडीत भाल्यासारखा घुसला. तो वाचला, पण हात आणि पाय गंभीर जखमी झाले. गाडी उलटली तर पिंजरा राखतो, आरपार घुसणाऱ्या वस्तूपासून क्वचितच.

शिवाय त्याला सोबतीही लागतात. पट्ट्याने जखडलेलं शरीर, शर्यतीची सीट, हेल्मेट आणि डोकं लागू शकेल तिथे पाइपवर मान्यताप्राप्त गादी, हे सगळं एकत्र असेल तरच पिंजरा रक्षक ठरतो. हेल्मेट न घालता रोजच्या रस्त्यावर तीच गाडी चालवली तर साध्या धक्क्यालाही डोकं पोलादावर आपटू शकतं. भारतात मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम वाहनाच्या मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही, हे वेगळंच.

तेव्हा निवडीचा क्रम उलटा धरावा. आधी कोणत्या स्पर्धेत उतरायचं ते ठरवावं. भारतात नियमन एफएमएससीआय ही संस्था करते आणि राष्ट्रीय रॅलीची फेरी नाशिकलाही झालेली आहे. मग त्या वर्षाची नियमपुस्तिका घ्यावी आणि त्यानंतर पिंजरा. एफआयएच्या नियमांत तीन वाटा आहेत: पुस्तिकेतल्या रेखाचित्रांबरहुकूम बांधलेला, राष्ट्रीय संघटनेने प्रमाणित केलेला किंवा खुद्द एफआयएने मान्यता दिलेला. शेवटच्या दोन प्रकारांत नंतर एक पाइपही हलवता येत नाही, हे उंच चालकाने आधीच लक्षात घ्यावं. बजेट तोकडं असेल तर इंजिनावरचा खर्च पुढे ढकलावा. भंगार गाड्यांच्या '२४ अवर्स ऑफ लेमन्स' या अमेरिकी शर्यतीत गाडीवरच्या खर्चाला ५०० डॉलरची मर्यादा आहे, पण सुरक्षेवरचा खर्च त्यात मोजतच नाहीत. आणि पहिला पाइप कापण्याआधी रेखाचित्र घेऊन स्पर्धेच्या तांत्रिक तपासनिसाला गाठावं. टाके पूर्ण झाले की रंग मारण्याआधी त्याला पुन्हा बोलवावं, कारण कच्चा टाका रंगाखाली सहज लपतो.